दोन्ही काखांतले ठिपके

“दोन्ही काखांत गेलंय. ऑपरेशनचा प्रश्नच येत नाही,” चीफ म्हणाले आणि फाइल माझ्याकडे सरकवली. “शहरात पाठवून देऊ. किमोचं ते बघतील.”

ओपीडीची वेळ होती. फाइल ज्यांची होती त्या पार्बताबाई हलामी दाराबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. दार अर्धं उघडं होतं. शेजारी त्यांचे मोठे दीर झुरूभाऊ. नवरा गेल्यापासून घरातले निर्णय झुरूभाऊ घेत. दोघांनी चीफचं बोलणं ऐकलं.

आमचं रुग्णालय कुरखेड्याच्या बाजूला आहे. ट्रस्टचं, मध्यम आकाराचं. मी इथे रेडिओलॉजिस्ट आहे. एक्स-रे वाचणं, सोनोग्राफी करणं आणि गरज पडली तर सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत शरीरातल्या गाठीचा तुकडा सुईने काढणं, ही माझी कामं. चीफ सर्जन आहेत. छोटी-मोठी ऑपरेशनं ते इथेच करतात. कॅन्सरची ऑपरेशनं शहरात होतात.

मॅमोग्राफीचं मशीन आमच्याकडे नाही. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. स्तन दोन प्लेटींमध्ये दाबून तो काढतात. पार्बताबाईंनी तो बाहेरच्या एका सेंटरवर काढला होता. तिथला टेक्निशियन चित्र काढतो आणि इंटरनेटवरून पाठवतो. दुसऱ्या शहरातला डॉक्टर ते आपल्या कॉम्प्युटरवर वाचतो आणि रिपोर्ट परत पाठवतो. पद्धत चांगली आहे. तिच्यामुळे आमच्यासारख्या भागात रिपोर्ट मिळतात. तिच्यात एकच उणीव आहे. वाचणाऱ्याला चित्र दिसतं, बाई दिसत नाही.

रिपोर्टात दोन गोष्टी होत्या. डाव्या स्तनात संशयास्पद गाठ. आणि दोन्ही काखांतल्या ग्रंथींमध्ये कॅल्शियमचे ठिपके, म्हणजे आजार तिथे पसरल्याची दाट शक्यता.

पहिली गोष्ट वाईट होती, दुसरी जास्त वाईट. डाव्या स्तनाचा कॅन्सर डाव्या काखेत गेला तर तो शेजारी गेला असं समजतात. ऑपरेशन होतं, बरं होण्याची आशा असते. उजव्या काखेतही गेला, तर तो लांब पोचला असं धरतात. तो चौथा टप्पा. तिथे उपचार आयुष्य वाढवण्यासाठी असतात, आजार काढून टाकण्यासाठी नाही.

मी फिल्म व्ह्यूबॉक्सवर, म्हणजे दिव्याच्या पेटीवर, लावल्या. गाठीबद्दल वाद नव्हता. बोराएवढी होती आणि तिच्या कडांना काटे फुटले होते. साध्या गाठीची कड गुळगुळीत असते. काटेरी कड दिसली की आम्ही कॅन्सर धरूनच चालतो आणि तो नाही हे सुईने सिद्ध करायला जातो.

ठिपक्यांकडे बघत मात्र मी बराच वेळ उभी राहिले. ते फार पांढरे होते. स्तनातला कॅल्शियम पांढरा असतो, पण इतका नसतो. हे ठिपके धातूचा चुरा टाकल्यासारखे चमकत होते. शिवाय ज्या गाठीतून ते पसरले असं म्हणायचं, त्या गाठीत एकही ठिपका नव्हता. आणि डावीकडे जेवढे, तेवढेच उजवीकडे. आजार इतक्या समान वाटण्या सहसा करत नाही.

“सर, पाठवायच्या आधी मी सोनोग्राफी करते.”

“करा. पण रिपोर्ट छापून आलाय, मॅडम.”

“छापून आलाय. तपासून आलेला नाही.”

चीफ हसले नाहीत. पुढच्या पेशंटला आत बोलवा म्हणाले.

सोनोग्राफीच्या खोलीत मेश्राम सिस्टरने पार्बताबाईंना टेबलावर घेतलं. सिस्टर माझ्याबरोबर बरीच वर्षं आहेत. पेशंट घाबरलेला असेल तर त्या त्याच्याशी पिकापाण्याचं बोलतात. पार्बताबाई घाबरलेल्या दिसत नव्हत्या. रागावलेल्या होत्या.

“धान कसा हाय औंदा, बाई?” सिस्टरने विचारलं.

“धानाचं सोडा. तो मोठा डॉक्टर मले न पाहता मारून टाकून राह्यला.”

गाठ सोनोग्राफीवरही तशीच दिसली. काळी, वेडीवाकडी, आडवी कमी, उभी जास्त. मग मी काखेकडे वळले. काखेतली निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी असते. बाहेर पातळ काळी कड, मध्ये चरबीचा पांढरा भाग. कॅन्सर घुसला की कड जाड होते, पांढरा भाग चेपतो, दाणा गोल होतो. पार्बताबाईंचे दाणे दोन्ही बाजूंना दाण्यासारखेच होते.

“हात अजून वर घ्या. डोक्यामागे.”

त्यांनी दोन्ही हात वर केले आणि पदर सरकला. मनगटापासून कोपरापर्यंत काळपट, विटलेलं गोंदण होतं, ठिपके आणि रेघा. आमच्याकडच्या बायकांच्या हातांवर ते असतं. मी ते रोज बघते. कोपराच्या वर, खांद्यापर्यंत, दुसरं गोंदण होतं. ठसठशीत हिरवं. डाव्या दंडावर मोर आणि वेल. उजव्यावर वेल आणि नाव.

“हे वरचं कधीचं, पार्बताबाई?”

“हे यात्रेतलं. मार्कंड्याच्या. मशीनवालं.”

“आणि खालचं?”

“ते लहानपणी मायनं गोंदवलं होतं. काजळीचं. मशीनवालं माह्या हौशेचं. तवा मालक होते. म्हणे दोन्ही दंड भरून घे, एकाच दंडाचं काय घेतं.”

“लय दुखलं असन,” सिस्टर म्हणाल्या.

“काजळीचं जास्त दुखलं. मशीन भरभर चालते.”

गोंदणाची शाई कातडीत राहते असं आपल्याला वाटतं. सगळी राहत नाही. शरीर तिला परकी समजून थोडी थोडी उचलतं आणि जवळच्या ग्रंथीत नेऊन ठेवतं. दंडाची शाई काखेत येते. काजळी म्हणजे कोळसाच. ती एक्स-रेवर दिसत नाही. मशीनच्या रंगीत शायांमध्ये धातूंचे क्षार असतात. ते दिसतात, आणि दिसतात ते पांढरेशुभ्र, कॅल्शियमपेक्षा चकचकीत.

आता माझ्याकडे एक शंका होती आणि शंकेला कारण होतं. पुरावा नव्हता. पुरावा सुईनेच मिळणार होता. गाठीतून एक तुकडा आणि दोन्ही काखांतून एकेक.

चीफना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

“गाठीत सुई घाला,” ते म्हणाले. “काखेत कशाला? तिथून मोठी रक्तवाहिनी जाते, नसा जातात. आपण इथे काखेची बायोप्सी कधी केलेली नाही. रक्त थांबलं नाही तर इथून शहर किती लांब आहे?”

“रक्तवाहिनी मला पडद्यावर दिसते, सर. सुईही दिसते. दोघींची गाठ पडणार नाही याची काळजी घेणं हेच माझं काम आहे.”

“शहरवाले करतील की.”

“करतील. पण त्या जातील का, ते विचारा.”

चीफने दोघांना आत बोलावलं. झुरूभाऊ आधी बोलले. साठीच्या पुढचा, हाडापेराने मजबूत माणूस. आवाज चढवत नव्हते.

“साहेब, सुई नका लावू. गाठीले लोखंड लागलं का गाठ पिसाळते. आमच्या गावात दोघींले लावली. दोघी गेल्या.”

हा समज मी इथे प्रत्येक ओपीडीत ऐकते. त्यावर हसण्यात अर्थ नाही, कारण तो डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर उभा आहे. बाई गाठ लपवते. गाठ फुटायला आली की दवाखान्यात आणतात. सुई लागते, रिपोर्ट येतो, काही महिन्यांत बाई जाते. गावाने सुई पाहिलेली असते. त्याआधीची दोन वर्षं गावाने पाहिलेली नसतात. मी झुरूभाऊंना एवढंच विचारलं.

“त्या दोघींच्या गाठी सुई लावली तेव्हा केवढ्या होत्या?”

त्यांनी मूठ दाखवली. मग दुसरीसाठी मुठीवर दुसरा तळहात ठेवला.

“हिची बोराएवढी आहे, भाऊ.”

“मंग बोर फोडता कायले?”

चीफ माझ्याकडे बघत राहिले. एक सर्जन आणि एक शेतकरी, दोघांनाही काखेत सुई नको होती. कारणं वेगळी होती, पण अडलेलं एकाच जागी होतं.

आता पार्बताबाई पुढे सरकल्या. त्यांच्याबद्दल एक सांगायला हवं. त्यांच्या गावात तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, व्यवहार ग्रामसभा बघते. उन्हाळ्यात बायका जंगलातून पानं आणतात, पुडे बांधतात आणि फळीवर नेतात. फळी म्हणजे पुडे वाळवायची, मोजायची जागा. तिथे व्यापाऱ्याचा मुन्शी असतो. पुडा चांगला की वाईट ते तो ठरवतो. ग्रामसभेच्या बाजूने त्याच्यासमोर बसायचं काम पार्बताबाईंचं होतं.

“सायेब,” त्या चीफना म्हणाल्या, “फळीवर मुन्शी पुडा हातात घेते अन् नापास म्हणून फेकते. आम्ही म्हणतो, खोल. कोणतं पान फाटलं ते दाखव. खोलाले तयार नाई, तं पुडा पास. हा आमचा कायदा हाय.”

“बरं.”

“तं माह्या खाकेत काय हाय ते कोणं खोलून पाह्यलं?”

चीफनी पुन्हा फाइल उघडली.

“कोणंच नाई. मंग मले नापास काऊन करून राह्यले?”

“पार्बता,” झुरूभाऊंनी मध्ये बोलायचा प्रयत्न केला. दोघं गोंडीत बोलले. थोडंच, पण कडक. मला कळलं नाही. मग त्या पुन्हा मराठीत आल्या.

“भाऊजी म्हणते, सुईनं मरशीन. मी म्हणतो, बिना सुईचं तं मले आत्ताच मारलं. ऐका सायेब. दोन्हीकडं गेलं असन तं मी शहरात जात नाई. घरी मरीन, माह्या खाटेवर. नसन गेलं तं कुठीबी पाठवा, कापा, मी येतो. पण ते मले पाहून सांगा. वाचून नाई.”

चीफ माझ्याकडे वळले. “मॅडम, हे तुम्ही शिकवून आणलंत?”

“मी नाही, सर. तेंदूच्या मुन्शीने शिकवलंय.”

या वेळी ते हसले. मग म्हणाले, “काखेत काही झालं तर मी हात धुऊन तयार राहतो. पण उत्तर तुम्ही द्यायचं.”

“देईन.”

बायोप्सी त्याच दिवशी केली. लोकांना वाटतं तेवढं ते भयंकर नसतं. कातडी बधिर करायचं इंजेक्शन देतात, तेवढंच टोचतं. मग दोन मिलिमीटरचा छेद. त्यातून जाड सुई आत जाते. सुई एका उपकरणाला जोडलेली असते, त्यात स्प्रिंग असते. बटण दाबलं की सुईचं पातं झटकन पुढे जाऊन शेवईएवढा तुकडा कापून आणतं. त्याला आम्ही गन म्हणतो. आवाज मोठ्या स्टेपलरसारखा येतो. पेशंट दचकून हलू नये म्हणून मी तो आधी ऐकवते.

“घाबरू नका, ही गन आहे, असा आवाज येईल,” मी म्हणाले आणि हवेत बटण दाबलं.

“आमच्याकडं पोलीस अन् नक्षलवाले, दोन पार्टीचे बंदूकवाले येत होते,” पार्बताबाई म्हणाल्या. “तुम्ही तिसरे. मारा.”

सिस्टरला हसू आवरेना. मी त्यांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं, कारण पार्बताबाईंचा हात त्यांनी धरलेला होता आणि तो हलत होता.

गाठ आधी घेतली. सुई छातीला समांतर न्यायची असते. खाली फुफ्फुस असतं, टोक कधीही तिकडे वळता कामा नये. पडद्यावर सुई पांढऱ्या रेघेसारखी दिसते. रेघ गाठीच्या कडेला टेकली, बटण दाबलं, रेघ गाठीच्या आरपार गेली. असं काही वेळा केलं. तुकडे फॉर्मालिनच्या बाटलीत टाकले. ते तळाला गेले. नुसती चरबी आली असती तर तरंगली असती. आपण गाठीतच होतो याची ती साधी खूण असते.

मग डावी काख. इथे मी बारीक सुई घेतली आणि स्प्रिंग वापरली नाही. अशा सुईचं पातं पुढे झेप घेत नाही, आपण नेऊ तिथपर्यंतच जातं. सोनोग्राफीचा रंगीत मोड लावला. रक्त वाहतं तिथे लाल-निळं दिसतं. ग्रंथीच्या बाजूने एक जाड लाल पट्टा जात होता. चीफ दारात उभे होते. त्यांनाही तो दिसला.

“जवळ आहे,” ते म्हणाले.

“आहे. म्हणून मी खालून जातेय.”

खालून गेले. तुकडा आला. मी तो गॉजवर ठेवला आणि दिव्याखाली धरला. पांढरट शेवईत काळपट हिरवे कण होते. डोळ्यांनी दिसण्याइतके.

चीफ पुढे आले, वाकून बघितलं. “शाई?”

“काळं आहे, एवढंच मला दिसतंय. काळ्या रंगाचा कॅन्सरही असतो. पॅथॉलॉजिस्ट सांगेल.”

उजव्या काखेतूनही तसाच तुकडा आला. रक्त आलं ते बोटांनी दाबून थांबलं. सिस्टरने पट्ट्या लावल्या. झुरूभाऊ बाहेर भिंतीला पाठ लावून उभे होते. मी त्यांना सांगितलं की झालं. ते आत गेले, भावजयीला बघितलं आणि पुन्हा बाहेर येऊन उभे राहिले.

नमुने शहरातल्या प्रयोगशाळेत गेले. काही दिवसांनी तिथल्या पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. हा माणूस कधी फोन करत नाही, रिपोर्टच पाठवतो.

“मॅडम, ही बाई चंद्रपूरच्या कोळसा खाणीत कामाला होती का?”

“नाही. मार्कंड्याच्या यात्रेला गेली होती.”

“गोंदण?”

“दोन्ही दंडांवर. हिरवं.”

“मग बरोबर. ग्रंथींत रंगच रंग आहे. दोन्ही बाजूंना. कॅन्सरची एकही पेशी नाही. गाठ मात्र कॅन्सरच आहे.”

मी दोन्ही बातम्या पार्बताबाईंना त्याच क्रमाने सांगितल्या नाहीत. आधी गाठीची सांगितली, कारण खरा आजार तिथेच होता आणि त्याच्यापासून पळता येणार नव्हतं. मग काखेची. हेही सांगितलं की डाव्या काखेतल्या एका ग्रंथीतून घेतलेल्या एका तुकड्यावरून सगळी काख साफ ठरत नाही. ऑपरेशनच्या वेळी तिथल्या आणखी ग्रंथी काढून बघतील.

“म्हणजे खोलून पाहतीन,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मंग जातो.”

झुरूभाऊंनी विचारलं, “सोबत कोण जाईन?” आणि कोणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाले, “मीच जातो.”

मी बाहेरच्या सेंटरला फोन केला. त्यांनी रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांशी जोडून दिलं. त्यांना सगळं सांगितलं, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट पाठवला आणि मूळ रिपोर्टात दुरुस्ती जोडायची विनंती केली.

“मी ठिपके लिहिले, ठिपके आहेत,” ते म्हणाले. “मी शक्यता म्हटलं होतं. निश्चित म्हटलं नव्हतं.”

“पेशंट शक्यता ऐकत नाहीत, डॉक्टर. दोन्ही काखा ऐकतात.”

“मला गोंदण कसं दिसणार?”

“तुम्हाला नाही दिसणार. म्हणूनच दुरुस्ती मागतेय.”

बघतो म्हणाले. अजून बघत असावेत. दुरुस्ती आली नाही.

शहरातल्या रुग्णालयाने दोन्ही रिपोर्ट वाचले आणि ऑपरेशनचा निर्णय घेतला. गाठ काढली, स्तन राखला. डाव्या काखेतल्या ग्रंथी काढल्या तेव्हा त्या काळ्याभोर निघाल्या. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांनी त्यांचे फोटो काढून ठेवले असं ऐकलं. एकाही ग्रंथीत कॅन्सर नव्हता. पुढे रेडिएशन झालं, गोळ्या सुरू झाल्या. पार्बताबाई पुढच्या उन्हाळ्यात फळीवर बसल्या. डाव्या हाताने जड उचलायचं नाही असं त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मुन्शीसाठी उजवा पुरतो.

आमच्याकडे या प्रकरणाने एकच गोष्ट बदलली. मॅमोग्राफीला पाठवायच्या बाईच्या चिठ्ठीवर आता चीफ स्वतः लिहितात, दंडावर मशीनचं गोंदण आहे की नाही. काखेची बायोप्सीही आता इथे होते, आणि ते दारात उभे राहत नाहीत.

पार्बताबाई तपासणीला येतात. शहरात, इथे, कधी कुरखेड्यात. डॉक्टर बदलत असतात. प्रत्येक नवा डॉक्टर फाइल उघडतो. पहिलं पान त्या बाहेरच्या सेंटरचं आहे, कारण तारखेप्रमाणे तेच आधी येतं. तो वाचतो, दोन्ही काखा वाचतो आणि त्याचा चेहरा पडतो. मग आवाज मऊ करून विचारतो, सोबत घरचं कोणी आलंय का.

सिस्टरने त्यांना सुचवलं, ते पान काढून टाका. त्या नाही म्हणाल्या.

“राहू दे. मी त्याहिले सांगतो, पहिल्या पानावर मी मेली हाओ. आता दुसरं वाचा.”

चुकलेला रिपोर्ट सहसा कोणी मागे घेत नाही. त्याच्यावर दुसरा लावावा लागतो, आणि तो पेशंटलाच डॉक्टरांकडून वाचून घ्यावा लागतो.